संकेत खरा, मालक चुकला: बायसेप-२ दुर्बिणीचं प्रकरण

गवताच्या गंजीत सुई शोधायला गेलो आणि हाती पहार लागली, अशा अर्थाचं वाक्य क्लेम प्राइक यांनी १७ मार्च २०१४ रोजी काढलं. ठिकाण होतं अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातलं हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्र. प्राइक मिनेसोटा विद्यापीठाचे. सोबत हार्वर्डचे जॉन कोव्हॅक, कॅल्टेकचे जेमी बॉक आणि स्टॅनफर्डचे चाओ-लिन कुओ. या चौघांच्या नेतृत्वाखाली दक्षिण ध्रुवावर बायसेप-२ नावाची दुर्बीण तीन हिवाळे आकाशाचा एकच तुकडा न्याहाळत होती. विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणात उठलेल्या गुरुत्वलहरींचा ठसा तिला सापडला, अशी ती घोषणा होती.

पहार खरीच होती. ती कुणाच्या मालकीची, हे ठरायला पुढे साडेदहा महिने गेले. ३० जानेवारी २०१५ला याच गटाने, तोवर प्रतिस्पर्धी असलेल्या युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या गटाला सोबत घेऊन जाहीर केलं की आद्य गुरुत्वलहरींचा संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस पुरावा या मोजमापांत नाही. दिसलं होतं त्यातला मोठा वाटा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा होता.

हा किस्सा बहुधा ‘शास्त्रज्ञ कसे तोंडावर आपटले’ या सुरात सांगितला जातो. मला तो सूर पटत नाही, कारण दुर्बिणीने काहीही चुकीचं मोजलं नव्हतं. जे मोजलं ते आजही तसंच उभं आहे. चूक कुठे झाली हे पाहायचं, तर आधी ती मंडळी नेमकं काय शोधत होती तिथून सुरुवात करावी लागेल.

जुना उजेड

विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं होईपर्यंत इतकं तप्त होतं की प्रकाशाला सरळ चालायची सोय नव्हती. मोकळे इलेक्ट्रॉन वाटेत आडवे येत आणि त्याला पुन्हा पुन्हा भलतीकडे वळवत. मग तापमान उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंत अडकले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. तोच प्रकाश आज विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून आपल्यापर्यंत पोचतो. त्याचं तापमान २.७२५ केल्व्हिन. हेच पार्श्वभूमी प्रारण.

त्याचा शोधही अशाच एका साफसफाईतून लागला होता. १९६४-६५मध्ये न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवा, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांना हाकललं, त्यांची घाण खरवडून काढली, तरी खरखर गेली नाही. जे कशानेही जात नव्हतं तेच विश्वाचं अवशेष-प्रारण निघालं, आणि १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. २०१४ची गोष्ट वाचताना ही कबुतरं लक्षात असू द्यावीत. तेव्हा घाण काढून संकेत उरला होता. या वेळी घाण पुरती काढल्यावर फारसं काही उरलंच नाही.

प्रारण सगळीकडे जवळपास सारखं असलं तरी तापमानात लाखात एक भाग इतके बारीक चढउतार आहेत. कोबे उपग्रहाने ते १९९२ साली दाखवले. त्यापुढचा टप्पा ध्रुवीकरणाचा. गाडी चालवताना लोक पोलरॉइड गॉगल लावतात, तो रस्त्यावरून परावर्तित झालेली चकाकी अडवतो, कारण त्या प्रकाशाची कंपनं बरीचशी एकाच दिशेत होत असतात. पार्श्वभूमी प्रारणालाही अशी किंचित दिशा आहे. दक्षिण ध्रुवावरच्याच डासी या उपकरणाने ती २००२ साली पहिल्यांदा मोजली, आणि त्या कामातला एक प्रमुख माणूस म्हणजे तेव्हा पीएचडी करणारे हेच कोव्हॅक.

आकाशाच्या नकाशावर प्रत्येक ठिकाणी कंपनाच्या दिशेने एक छोटी काडी ठेवली, असं समजा. काड्यांच्या दोन तऱ्हेच्या रांगोळ्या बनतात. एकीत काड्या एखाद्या केंद्राभोवती वर्तुळासारख्या किंवा सूर्यकिरणांसारख्या मांडलेल्या असतात. आरशात पाहिलं तरी ती रांगोळी तशीच दिसते. हा ई-मोड. दुसरीत काड्या जत्रेतल्या भिरभिऱ्याच्या पात्यांसारख्या एका बाजूला कललेल्या असतात, आणि आरशात त्यांचा पीळ उलटा होतो. हा बी-मोड. आद्य विश्वात कुठे द्रव्य जास्त, कुठे कमी, एवढ्याच कारणाने ई-मोड उमटतो, बी-मोड उमटत नाही. अवकाशालाच ताणणाऱ्या-दाबणाऱ्या गुरुत्वलहरी मात्र दोन्ही उमटवतात. म्हणून बी-मोडला एवढी किंमत.

आणि या गुरुत्वलहरी आल्या कुठून? ॲलन गुथ, आंद्रे लिंडे, अलेक्सी स्टारोबिन्स्की अशा लोकांनी १९८०च्या आसपास मांडलेल्या कल्पनेनुसार, जन्मानंतर सेकंदाच्या एका कल्पनातीत छोट्या अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगलं. इंग्रजीत याला इन्फ्लेशन म्हणतात आणि आपल्या वर्तमानपत्रांत त्या शब्दाचं भाषांतर सवयीने ‘चलनवाढ’ होतं, तेव्हा इथे आपण ‘फुगवटा’ म्हणू. या फुगवट्याने अवकाशातली पुंजयांत्रिक थरथर ताणून विश्वाएवढी केली असेल, तर तिचा ठसा पार्श्वभूमी प्रारणाच्या बी-मोडमध्ये, साधारण दोन अंशांच्या मापावर, सर्वांत ठळक उमटायला हवा. तो किती ठळक, हे ‘आर’ नावाच्या एका आकड्याने सांगतात: गुरुत्वलहरींचा वाटा भागिले घनतेतल्या चढउतारांचा वाटा. आर शून्य म्हणजे लहरींचा मागमूस नाही.

ताटाएवढी दुर्बीण

बायसेप-२च्या भिंगाचा व्यास २६ सेंटिमीटर होता. जेवणाच्या ताटाएवढा, किंबहुना थोडा कमीच. दोन अंश म्हणजे आकाशात चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी-शेजारी ठेवल्याएवढं अंतर, ते पाहायला मोठी दुर्बीण लागत नाही. लागते ती संवेदनशीलता. शोधायचा होता तो संकेत केल्व्हिनच्या सुमारे एक कोटीव्या भागाएवढा. त्यासाठी अमुंडसेन-स्कॉट तळावर, समुद्रसपाटीपासून २,८०० मीटरहून उंच, पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या हवांपैकी एका हवेत, सहा महिन्यांच्या रात्रीत हे यंत्र चालवलं. हवा कोरडी हवी, कारण पाण्याची वाफ सूक्ष्मलहरी शोषते आणि स्वतःही सोडते. भिंगं ४ केल्व्हिनपर्यंत गार केलेली, ५१२ संवेदक ०.२७ केल्व्हिनवर. २०१० ते २०१२ अशी तीन वर्षं ते एकाच तुकड्याकडे टक लावून होतं.

ते सगळेच्या सगळे ५१२ संवेदक एकाच वारंवारतेला, १५० गिगाहर्ट्झला, जुळवलेले होते. साऱ्या प्रकरणाची चावी इथे आहे. पार्श्वभूमी प्रारण याच आसपास सर्वांत तेजस्वी असतं आणि वातावरणाची एक खिडकीही तिथे उघडी असते. सगळी ताकद एकाच रंगावर लावल्याने नकाशा त्या काळी कुणालाही जमला नव्हता इतका बारीक निघाला. संकेत आहे की नाही हेच आधी कळायचं, तर हा डाव चुकीचा म्हणता येत नाही. निम्मे संवेदक दुसऱ्या रंगाला दिले असते तर कदाचित कुठल्याच रंगात काही दिसलं नसतं. पण एका रंगात पाहणारा माणूस लाल सदरा आणि लाल दिव्याखालचा पांढरा सदरा यांत फरक करू शकत नाही. बायसेप-२ने स्वतःहून हेच बंधन पत्करलं होतं.

तुकडाही विचार करून निवडलेला होता. दक्षिण आकाशातला, आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, सुमारे ३८० चौरस अंशांचा भाग. धुळीच्या उपलब्ध नकाशांत तो अगदी स्वच्छ दिसत होता. ते नकाशे मात्र धूळ किती चमकते याचे होते. तिच्या चमकेतला किती भाग ध्रुवीकृत आहे, याचा त्या तुकड्यापुरता नकाशा कुणीही छापलेला नव्हता.

पाच सिग्मा कशाचे?

२०१२च्या अखेरीस मोजमाप संपलं. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ गट आपल्याच निकालावर संशय घेत बसला, आणि हा संशय मनापासूनचा होता. माहिती दोन भागांत वाटायची, आधीची-नंतरची, एका बाजूच्या संवेदकांची-दुसऱ्या बाजूच्या संवेदकांची, आणि एकातून दुसरी वजा करायची. खोट यंत्रात असेल तर वजाबाकीत ती शिल्लक राहते. अशा चौदा चाचण्या झाल्या आणि दुर्बीण सगळ्यांत उतरली. नव्याने सुरू झालेल्या केक ॲरे या भावंड-दुर्बिणीच्या सुरुवातीच्या माहितीतही तोच आकार दिसत होता.

निकाल असा होता: अपेक्षेपेक्षा जास्त बी-मोड, पाच सिग्माहून अधिक खात्रीने. त्यातून निघालेला आर ०.२०, आणि आर शून्य असण्याची शक्यता सात सिग्माने नाकारलेली. धूळ वजा केल्यावरही ५.९ सिग्मा.

पाच सिग्मा म्हणजे निव्वळ गोंगाटातून असा आकडा योगायोगाने निघण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. एवढं ऐकल्यावर ऐकणाऱ्याचे कान दुसऱ्या प्रश्नाला बंद होतात, आणि माझ्या मते इथेच घोटाळा झाला. पाच सिग्मा ‘काहीतरी आहे’ याची हमी देतात. ते ‘काहीतरी’ कुठून आलं, यावर त्यांचं काहीच म्हणणं नसतं. भिंतीपलीकडून ठोकण्याचा आवाज नक्की येतोय, भास नाही, एवढं सिद्ध झालं. ठोकतंय कोण, हे सांगायला दुसरा पुरावा हवा होता.

तो दुसरा पुरावा गटाच्या शोधनिबंधात होता, पण बारीक. जुन्या बायसेप-१ दुर्बिणीची १०० गिगाहर्ट्झची माहिती हाताशी होती. धुळीचं प्रारण वारंवारतेबरोबर झपाट्याने वाढतं, पार्श्वभूमी प्रारणाचा वर्ण वेगळा. दोन रंगांची तुलना केली तर मालक ओळखू यायला हवा. तशी तुलना केली, आणि धूळ २.२ सिग्माने नाकारली गेली. म्हणजे संकेत आहे म्हणण्यात चुकण्याची शक्यता लाखांत एखादी, आणि तो धुळीचा नाही म्हणण्यात चुकण्याची पन्नासात एखाददुसरी. बातम्यांत पहिला आकडा आला. दुसरा निबंध उघडणाऱ्यांसाठी राहिला.

परिषदेतली एक स्लाइड

उरलेली भिस्त धुळीच्या प्रतिमानांवर, म्हणजे गणिती अंदाजांवर होती. आकाशगंगेतली धूळ म्हणजे वाळू-काजळीसारखे सूक्ष्म कण, तापमान वीस केल्व्हिनच्या जरा खाली. कण गोल नसतात, लांबट असतात. ते गरगर फिरतात आणि आकाशगंगेच्या चुंबकक्षेत्राला आडवे उभे राहतात. सगळे एकाच शिस्तीत राहिल्यामुळे त्यांचं प्रारणही ध्रुवीकृत होतं, आणि चुंबकक्षेत्राच्या वळणांप्रमाणे त्यात ई-मोडही असतो आणि बी-मोडही. भिरभिऱ्याचा पीळ धुळीलाही जमतो! आद्य विश्वातून आलेला बी-मोड आणि शेजारच्या धुळीतून आलेला बी-मोड यांत आकाराने ओळखता येईल असा फरक एका रंगात जवळजवळ नसतो.

त्यामुळे प्रश्न एकच: त्या तुकड्यात धुळीचं किती टक्के प्रारण ध्रुवीकृत आहे? काही प्रतिमानांत गटाने पाच टक्के धरले. त्या वेळच्या माहितीनुसार तो अगदीच हवेतला आकडा नव्हता, पण मोजलेलाही नव्हता. मोजण्याची क्षमता असलेलं यंत्र एकच होतं. ते म्हणजे २००९ साली उडालेला प्लँक उपग्रह. त्याची ३५३ गिगाहर्ट्झची वाहिनी ध्रुवीकरण मोजायची आणि तिथे धूळ १५० गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे २५ पट ठळक दिसते. ती माहिती प्लँकवाल्यांनी तोवर खुली केली नव्हती. दोन्ही गट एकाच बक्षिसामागे होते. माहिती द्यायची की नाही, कधी द्यायची, यावर दोघांत बोलणी फिसकटली होती.

मग बायसेप-२च्या गटाने एक उपाय केला. एप्रिल २०१३मध्ये नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक इथे झालेल्या परिषदेत प्लँकच्या एका सदस्याने धुळीच्या ध्रुवीकरणाचा नकाशा पडद्यावर दाखवला होता. त्या सादरीकरणाची स्लाइड उपलब्ध होती. गटाने तिच्यातले रंग मोजून त्यांचे पुन्हा आकडे केले आणि त्यावरून एक प्रतिमान उभं केलं. सहा प्रतिमानांतलं हे एक, पण प्रत्यक्ष मोजमापाच्या सर्वांत जवळचं म्हणून त्याला वजन होतं. हे लपवलेलं नव्हतं, निबंधात नोंद होती. तरीही सर्वोच्च दर्जाच्या मोजमापाचा एक पाय दुसऱ्याच्या पडद्यावरच्या चित्रात असावा, हे आज वाचताना अंगावर काटा येतो. परीक्षेत शेजाऱ्याच्या वहीत डोकावून उत्तर पाहावं आणि त्याने ते अजून तपासलेलंच नसावं, तसं काहीसं.

तपासायचं काय राहिलं होतं? त्या चित्रात आकाशगंगेच्या धुळीबरोबर दूरच्या असंख्य दीर्घिकांचा एकत्रित अवरक्त उजेडही मिसळलेला होता. तो उजेड ध्रुवीकृत नसतो. त्याला वजा न करता टक्केवारी काढली की भाजक फुगतो आणि टक्के कमी भरतात. त्यामुळे धूळ होती त्याहून साधीभोळी दिसली.

साडेदहा महिने

घोषणेआधी कुओ कॅमेरा घेऊन स्टॅनफर्डजवळ लिंडे यांच्या दारात गेले. दार उघडल्यावर त्यांनी आकडा सांगितला, लिंडे यांच्या पत्नी आणि स्वतः नामवंत भौतिकतज्ज्ञ असलेल्या रेनाटा कॅलॉश यांनी त्यांना मिठी मारली, शॅम्पेन उघडली गेली. ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. त्यात लिंडे एक वाक्य बोलून जातात, आणि मला वाटतं त्या संपूर्ण महिन्यात कुणी काढलेलं सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं: ही फसगत नसो, केवळ सुंदर आहे म्हणून मी यावर विश्वास ठेवत असेन तर, अशी शंका मला नेहमीच सतावते. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात चालून आलं असताना माणसाने हे म्हणावं.

शास्त्रज्ञांच्या जगात मात्र घंटा लवकर वाजायला हवी होती. २०१३मध्ये प्लँकने तापमानाच्या नकाशांवरून अप्रत्यक्षपणे आर ०.११च्या खाली असल्याचं सांगितलं होतं. बायसेप-२ म्हणत होतं ०.२०. दोन्ही एकदम खरं असणं अवघड होतं. पण कित्येक सिद्धांतकारांनी ‘कोण चुकलं’ हे विचारण्याऐवजी दोन्ही आकडे मांडीला मांडी लावून बसतील अशी प्रतिमानं रचायला घेतली. काही महिन्यांत शेकडो निबंध आले. बायसेप-२च्या मूळ निबंधाचं समकक्ष तज्ज्ञांकडून परीक्षण झालेलंच नव्हतं, तो पत्रकार परिषदेच्याच दिवशी जाहीर केला गेला होता.

मे महिन्यात प्लँकने धुळीच्या ध्रुवीकरणाचे काही नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत बऱ्याच ठिकाणी धूळ अपेक्षेपेक्षा जास्त ध्रुवीकृत होती, कुठे कुठे वीस टक्क्यांच्या घरात. आणि बायसेपच्या तुकड्याची जागा? कोरी. कमी धुळीच्या भागातली मोजमापं पुरेशी पक्की नाहीत म्हणून ती झाकून ठेवली होती. हवं ते पान तेवढं फाटलेलं.

त्याच महिन्यात प्रिन्स्टनच्या परिसरातून राफाएल फ्लाउगर, कॉलिन हिल आणि डेव्हिड स्पर्गेल यांनी, तर बर्कलीतून मायकेल मॉर्टन्सन आणि उरोश सेल्याक यांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडले. दोघांचा मथितार्थ सारखाच होता: उपलब्ध माहितीत गुरुत्वलहरींशिवाय नुसत्या धुळीनेही हा संकेत समजावता येतो. स्लाइडमधल्या भाजकाची गोम पुढे आली ती याच चर्चेत. पुन्हा ध्यानात घ्या, यातल्या कुणीही दुर्बिणीच्या मोजमापावर बोट ठेवलं नव्हतं.

१९ जूनला निबंध फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये छापून आला तेव्हा स्लाइडवरचं प्रतिमान काढून टाकलेलं होतं. धूळ नाकारण्याचा आकडा २.२ सिग्मावरून १.७वर उतरला होता. आणि सगळा जादा संकेत धुळीचा असण्याची शक्यता नाकारता येत नाही, अशी कबुली त्यात आली होती. मूळ दाव्याचा मथळा ‘पहिला थेट पुरावा’ असा होता, त्या मानाने हे बरंच अंतर. ही माघार गटाने स्वतः, छापील पानावर, साधारण तीन महिन्यांत घेतली, हेही त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं.

२२ सप्टेंबरला प्लँकने कोरं पान भरलं. ३५३ गिगाहर्ट्झवर त्या तुकड्यात मोजलेली धूळ १५० गिगाहर्ट्झवर उतरवली तर ती बायसेप-२च्या संकेताएवढीच भरते, असा निष्कर्ष होता. मोजमापातली अनिश्चितता बरीच मोठी होती, त्यामुळे ‘लहरी मुळीच नाहीत’ असंही म्हणता येईना. तोवर दोन्ही गट माहिती एकत्र करायला राजी झाले होते. आधी असं घडलं असतं तर हे प्रकरण लिहावंच लागलं नसतं, पण शर्यतीत धावणाऱ्यांकडून ती अपेक्षा करणं सोपं आहे आणि पाळणं अवघड.

एकत्रित विश्लेषणाची रीत सुंदर आहे. बायसेप-केकचा १५० गिगाहर्ट्झचा बारीक नकाशा घ्यायचा, प्लँकचा ३५३ गिगाहर्ट्झचा घ्यायचा, आणि दोन्हींत काय समान आहे ते पाहायचं. दोन वेगळ्या यंत्रांचा गोंगाट एकमेकांशी जुळत नाही, धूळ मात्र दोन्हींत असते. जुळलं ते धूळ. ते जुळणं स्पष्ट निघालं. तेवढं वजा केल्यावर आर शून्याशी सुसंगत उरला आणि वरची मर्यादा मिळाली: ९५ टक्के खात्रीने ०.१२च्या खाली. एक संकेत मात्र वजाबाकीतूनही ठाम टिकला. मधल्या दीर्घिकांच्या गुरुत्वाने ई-मोडचा प्रकाश वाकवून बनवलेला छोट्या मापावरचा बी-मोड, सात सिग्माने. ती दुर्बीण किती चांगली होती याचा हा पुरावा, आणि बातम्यांत तो फारसा आला नाही.

पुण्यापासून हिंगोलीपर्यंत

प्लँकच्या विश्लेषणात पुण्याच्या गणेशखिंडीतल्या आयुका संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ तरुण सौरदीप आणि त्यांचे सहकारी सहभागी होते, त्यामुळे हे वादळ गणेशखिंडीलाही परकं नव्हतं. पण मराठी वाचकाला धुळीचा युक्तिवाद त्याहून आधीपासून ओळखीचा आहे. आयुकाचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३मध्ये मांडलेल्या अर्ध-स्थिर-स्थिती सिद्धांतात पार्श्वभूमी प्रारण हा महास्फोटाचा अवशेष नाहीच. तो ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी हे मान्य केलं नाही, आणि बायसेपच्या प्रकरणाने त्या मताला काही बळही मिळत नाही. तिथली धूळ वेगळी, इथली वेगळी. तरी नारळीकर ज्या प्रश्नावर हट्टाने बोट ठेवत राहिले तो इथे पुन्हा भेटतो: आलेल्या प्रकाशाला वाटेत कुणाचा हात लागला, हे तुम्ही मोजलंत की गृहीत धरलंत?

दुसरा एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहणार आहे, आणि सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेतल्या लायगोने गुरुत्वलहरी पकडल्याच, मग बायसेप खरं ठरलं नाही का, असं विचारलं जातं. नाही. लायगोच्या लहरी कृष्णविवरांच्या टकरीतून येतात आणि सेकंदाला दहा-शंभर-हजार वेळा हेलकावतात. फुगवट्याच्या ज्या लहरी बी-मोडमध्ये शोधायच्या त्यांची लांबी अब्जावधी प्रकाशवर्षं. हिंगोलीतल्या चार-चार किलोमीटरच्या नळ्यांना त्या कधीच जाणवणार नाहीत. समुद्राची भरती मोजायला तबल्याची पुडी ठेवून कसं चालेल?

त्याच तुकड्यावर

गट पांगला नाही, दुर्बीणही कुणी हिरावून घेतली नाही. जिथे उणं पडलं तिथेच त्यांनी काम केलं. केक ॲरेच्या पाच दुर्बिणी आधी सगळ्या १५० गिगाहर्ट्झच्या होत्या. २०१४च्या हंगामात त्यांतल्या दोन ९५वर नेल्या, पुढे काही २२०वर. मग ५२ सेंटिमीटर भिंगाची बायसेप-३ आली, ९५ गिगाहर्ट्झची. आकाशाचा तुकडा तोच. रंग तीन, शिवाय प्लँकचे वेगळे. आरची मर्यादा २०१६मध्ये ०.०७वर आली आणि २०२१मध्ये ०.०३६वर. म्हणजे ज्या आकड्यावर शॅम्पेन उघडली होती त्याच्या पाचव्या भागाहूनही खाली.

यातला विरोधाभास सिद्धांतवाल्यांना जास्त बोचतो. ०.२०च्या आसपासचा आर लिंडे यांनी १९८३ साली मांडलेल्या सर्वांत साध्या प्रतिमानाच्या जवळ जात होता, म्हणून तो आनंद. ०.०३६ने ते साधं प्रतिमान जवळपास निकालात काढलं. स्टारोबिन्स्कींच्या प्रतिमानाचा आर ०.००४च्या आसपास येतो, त्याला अजून धक्का नाही. तिथवर पोचायला आणखी जवळजवळ दहापट खोल जावं लागेल. जपानचा लाइटबर्ड उपग्रह त्यासाठी पंधरा वारंवारता-पट्टे घेऊन जाण्याच्या बेतात आहे. भारतीय शास्त्रज्ञांनी २०१८मध्ये इस्रोकडे मांडलेल्या सीएमबी-भारत या प्रस्तावातही पट्ट्यांची संख्या भरघोस ठेवली आहे. एका रंगावर सगळी ताकद लावायचा डाव आता कुणी टाकत नाही.

दक्षिण ध्रुवावर आता बायसेप ॲरे आहे. त्यातल्या चार दुर्बिणींपैकी एक २२० आणि २७० गिगाहर्ट्झची. तिथे पार्श्वभूमी प्रारण फिकं पडतं आणि आद्य लहरी तिच्याकडून दिसाव्यात अशी कुणाची अपेक्षाही नाही. लांब रात्रभर तिने फक्त धूळ पाहायची आहे.